वाक्यं गाळणारे काका

४ मे. कडवे वाल आणि चवळी उन्हात घातली आहे. कबुतरांचा सुळसुळाट आहे, त्यामुळे चार वाजेपर्यंत मला गच्चीवरून हलता येणार नाही. तेवढ्या वेळात हे लिहून टाकते. लालबागच्या आमच्या जुन्या चाळीच्या नाट्य मंडळाला स्मरणिका काढायची आहे, आणि ‘काकांवर तुम्हीच लिहा’ अशी चिठ्ठी आली आहे. ‘दोन पानं, हृद्य आठवणी’ असंही त्यात म्हटलंय. हृद्य वगैरे मला जमायचं नाही. काकांच्या आठवणी मुळात हृद्य नाहीत. त्या माणसाने आम्हाला छळलं, आणि छळताना प्रत्येक वेळी त्याचंच बरोबर होतं.

तिसऱ्या मजल्यावर टोकाच्या खोलीत ते एकटे राहत. गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम होतं. कादंबऱ्या, नाटकं, सिनेमाची पत्रकं, लग्नपत्रिका, जे येईल ते. त्यामुळे नवीन पुस्तक बाजारात यायच्या आधीच त्यांनी ते वाचलेलं असे आणि त्याला नावंही ठेवून झालेली असत. तेही सलग वाचलेलं नसे. एखाद्या कादंबरीचं अकरावं प्रकरण आधी हाती लागे, तिसरं नंतर, आणि पहिलं शेजारच्या टेबलावरच्या माणसाकडे गेलेलं असे.

“पहिलं प्रकरण वाचलं नाही म्हणून माझं काही अडलं नाही,” ते म्हणत. “लेखकाने लिहिलं नसतं तर त्याचंही अडलं नसतं.”

आमच्या शेजारच्या वहिनी गॅलरीत बसून रहस्यकथा वाचत. काका कामावरून येताना त्यांच्या हातातलं पुस्तक बघायला क्षणभर थांबत. “डॉक्टर,” एवढंच म्हणून पुढे जात. वहिनी चिडून पुस्तक मिटत. एकदा त्यांनी काकांना गाठून विचारलं, “अहो, तुम्हाला लोकांच्या जिवाचं काही वाटतं का? अजून साठ पानं होती माझी.”

“साठ पानं वाचली तुमची,” काका म्हणाले. “आणि त्या डॉक्टरला काही कारण नसताना घाम येतो, ते तुमच्या लक्षात यायला हवं होतं.”

सिनेमा ते मध्यंतरापर्यंतच बघत. मध्यंतरापर्यंत चांगला असला तर पुढे बिघडतो, आणि वाईट असला तर बसायचं कशाला, असा त्यांचा हिशेब. हे आम्हाला ठाऊक नव्हतं तेव्हा एकदा आई आणि मी त्यांच्याबरोबर दादरला सिनेमाला गेलो. आईने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. दिवे लागल्याबरोबर काका उठले आणि म्हणाले, “चला.”

आई मालवणची. ती खुर्चीचा हात धरून बसली. “तिचो झील अजून गावाक नाय. मी उठूचंय नाय.”

पडद्यावरच्या बाईचा मुलगा हरवला होता. काका एकटे बाहेर गेले आणि दीड तास थिएटरच्या पायरीवर बसून राहिले. आम्ही बाहेर आलो तेव्हा त्यांनी विचारलं, “पोस्टमन झाला होता ना तो?” तो पोस्टमनच झाला होता. परतताना लालबाग येईपर्यंत त्यांनी आम्हाला समजावलं की, जीव द्यायला निघालेली बाई विहिरीवर उभी राहून आधी गाणं म्हणते ते चूक आहे, कारण तेवढ्या वेळात कोणीतरी येणारच. आई डोळे पुसत चालली होती. शेवटी ती म्हणाली, “तुमका रडाक येत नाय तर आमका तरी रडाक देवा.”

मला वाटतं त्या माणसाशी इतकं नेमकं दुसरं कोणी बोललं नाही. त्यावर काका म्हणाले, “रडवणं सोपं आहे हो. कांदाही रडवतो.”

संयुक्त महाराष्ट्राची ती वर्षं. गिरणगावात दुसरा विषय नव्हता. काकांनी शिवाजी पार्कची एकही सभा चुकवली नाही. पहिल्या वक्त्यापासून शेवटच्या घोषणेपर्यंत ते बसत. इथे मध्यंतर नव्हतं. एका मोर्च्यात त्यांनी खांद्यावर लाठी खाल्ली, हात आठवडाभर वर होत नव्हता. आई हळद-चुना घेऊन गेली, तर तिला ऐकवलं काय, तर मोर्च्यातल्या गाण्याचं धृपद लांब आहे, चालताना दम पुरत नाही. सभेहून आले की गॅलरीत उभं राहून निकाल देत. “पहिला चांगला. दुसऱ्याला शेवट सापडेना. तिसरा स्वतःच्याच टाळ्यांत अडकला.” पोरं गोळीबाराच्या बातम्या घेऊन येत आणि हा माणूस भाषणांना मार्क देई. लोक चिडत. त्यात मीही होते. लाठी खाल्लेला माणूस म्हणून कोणी तोंडावर बोलत नसे इतकंच.

आता प्रॉम्प्टिंगचं सांगते, कारण सगळं तिथेच घडलं.

आमच्या मंडळाच्या नाटकात काम करणारे बहुतेक गिरणीतले. कोणाची पहिली पाळी, कोणाची दुसरी, कोणाची रातपाळी. सगळी माणसं एका तालमीला कधी आलीच नाहीत. त्यामुळे पाठांतर नावाचा प्रकार नव्हता. विंगेत स्टुलावर काका वही घेऊन बसत, वाक्य देत, आणि नट ते म्हणे. त्यांचा आवाज रंगमंचावर बरोबर ऐकू येई आणि पहिल्या रांगेला कळत नसे. असा प्रॉम्प्टर परळपासून भायखळ्यापर्यंत नव्हता. मात्र जे वाक्य त्यांना पटत नसे ते ते देतच नसत. सरळ गाळून पुढचं देत.

एका वर्षी आमचा नायक प्रेयसीचा निरोप घेताना पानभर बोलणार होता. काकांनी पान उलटलं. नायक बिचारा विंगेकडे बघत उभा. वाक्य येईना. शेवटी तो “बरं” म्हणाला आणि निघून गेला. प्रेक्षकांनी इतक्या टाळ्या वाजवल्या की पुढच्या प्रयोगात त्याने ते आपणहून केलं. त्यांनी गाळल्यामुळे नाटक पडलं असं एकदाही झालं नाही, आणि हाच सगळा ताप होता. काढायला निमित्त मिळत नव्हतं. वर्षातले दहा महिने तो माणूस त्या एका स्टुलाची वाट बघत असे. नाटक बसायला लागलं की छापखान्यातून चालत येण्याऐवजी ट्रामने येई, म्हणजे तालमीला अर्धा तास आधी पोचता यावं.

त्या वर्षीचं नाटक मंडळाच्या चिटणिसांनी स्वतः लिहिलं होतं. ते गिरणीत फोल्डिंग खात्यात होते. मनाचे चांगले, पण तापट. गोष्ट अशी की भाडं थकलं म्हणून एका कामगाराच्या कुटुंबाला खोली सोडावी लागते. मुलगी मी झाले होते. आई झाले होते दुसऱ्या मजल्यावरचे एक विणकर, लुगडं नेसून, कारण चाळीत रंगमंचावर उभी राहायला तयार असलेली बाई मी एकटीच होते. शेवटच्या अंकाचं शेवटचं वाक्य माझं होतं: “आई, ही खोली गेली तर जाऊ दे, पण रक्ताचा शेवटचा थेंब असेपर्यंत ही मुंबई आम्ही जाऊ देणार नाही.”

त्या काळी नाटकाची वही आधी पोलिसांकडून मंजूर करून आणावी लागे. वही परत आली ती या वाक्यावर लाल काट मारून.

चिटणीस खूश झाले. “आता तर हे म्हणायचंच,” ते तालमीत म्हणाले. “बंदी आली म्हणजे घाव बसलाय.” सगळे हो म्हणाले. मीही हो म्हटलं. खोलीत पंधरा माणसं होती, त्यांच्यासमोर हो म्हणणं सोपं होतं. मी सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. चळवळीत दिसलात तर घरी बसाल, असं साहेबांनी आम्हाला तोंडी बजावलं होतं. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती आणि घर माझ्या पगारावर चालत होतं. हे तिथे कोणाला माहीत नव्हतं असं नाही. पण चळवळीत प्रत्येकाच्या घरी काहीतरी होतंच.

काका म्हणाले, “मी हे वाक्य देणार नाही.”

“घाबरलात, काका?”

“हो. लोक ऐकतील म्हणून घाबरलो.”

“म्हणजे?”

“अरे, त्या मुलीच्या डोक्यावर बोचकं आहे. तिची खोली चाललीय. ती मुंबईचं बोलेल का? ती खोलीचं बोलेल. मुंबईचं प्रेक्षकांना कळतं, ते काय दूधखुळे आहेत? आणि प्रत्येक नाटकात तो शेवटचाच थेंब कसा काय उरतो, आधीचे कुठे जातात?”

दोघे-तिघे हसले. चिटणीस हसले नाहीत. “काका, रस्त्यावर पोरं मरतायत आणि तुम्ही वाक्यं निवडत बसलात.”

“मरतायत म्हणूनच,” काका म्हणाले. “त्यांच्यासाठी निदान नवीन वाक्य लिही. हे मी चार नाटकांत तपासलंय.”

“मग काय लिहू? सांगा ना तुम्ही.”

“ती म्हणेल, ‘आई, कुलूप दे.’ संपलं नाटक. घर सोडताना माणूस कुलूप लावतो. घर त्याचं राहिलं नसलं तरी लावतो.”

हे भांडण प्रत्येक तालमीला झालं. मी ते इतक्या वेळा ऐकलं की घरी भांडी घासतानाही दोन्ही वाक्यं डोक्यात फिरत. शेवटच्या तालमीला काका अचानक म्हणाले, “सगळ्यांनी ठरवलंय ना? देईन मी.” कोणाचाच विश्वास बसला नाही.

संध्याकाळी सभा असत म्हणून प्रयोग रविवारी दुपारी ठेवला होता, परळच्या एका सभागृहात. सगळी चाळ आली होती, शेजारच्या चार चाळीही. कापलेलं वाक्य म्हटलं जाणार हे सर्वांना आधीपासून ठाऊक होतं. पहिल्या रांगेत साध्या कपड्यांत दोघे येऊन बसले. एकाच्या मांडीवर मंजूर झालेली वही होती. नाटक पुढे सरकेल तसं तो पान उलटत होता. विंगेतून मी त्याचं बोट बघत होते. ओळीखालून ते सावकाश फिरत होतं.

तिसरा अंक संपत आला. मी बोचकं उचललं. सभागृह एकदम शांत झालं, मागे बाकांवर उभे राहिलेलेही शांत. विंगेतून काकांनी वाक्य दिलं. त्यांना न आवडणारं, तेच, शब्द न शब्द. मी बोलले नाही. त्यांनी परत दिलं, या वेळी इतकं स्पष्ट की ते पहिल्या रांगेत गेलं की काय असं मला वाटलं. ते बोट ओळीवर थांबलं होतं आणि त्या माणसाने मान वर केली होती.

माझ्या तोंडून निघालं, “आई, कुलूप दे.”

का निघालं ते मला सांगता येणार नाही. जे आलं ते आलं. आई झालेले विणकर गडबडले. कुलूप नव्हतंच, कोणी आणलंच नव्हतं. त्यांनी पदराची गाठ सोडून चाचपली आणि रिकामा तळवा माझ्यापुढे केला. मी त्यातून काहीतरी घेतल्यासारखं केलं आणि चालू लागले. पडदा पडला.

मग मागून कोणीतरी ओरडलं, “वाक्य कुठाय?” आणि शिट्ट्या सुरू झाल्या. “प्रॉम्प्टरला बाहेर काढा.” चाळीला काकांची सवय माहीत होती, विचार करायची कोणाला गरजच पडली नाही. चिटणीस धावत विंगेत गेले आणि काकांच्या हातून वही ओढून घेतली. “तुमचंच घुसडलंत ना शेवटी?”

काकांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग चष्मा काढून धोतराच्या टोकाने पुसला. “ते वाक्य माझंच आहे,” ते म्हणाले.

यात खोटं काही नव्हतं. मी तिथेच उभी होते आणि गप्प राहिले.

दिवेलागणीच्या आत चाळीत दोन गोष्टी ठरल्या होत्या. मंगळवारी मंडळाची बैठक घेऊन काकांना कायमचं काढायचं आणि तोवर त्यांच्याशी बोलायचं नाही. त्यांच्या दारावर कोणीतरी खडूने ‘फितूर’ लिहून ठेवलं. काकांनी आल्यावर ते वाचलं, कुलूप काढलं, पिशवी आत ठेवली आणि सरळ आमच्या दारात येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता बोलतील. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“‘आई’नंतर थांबायला हवं होतंस,” ते म्हणाले. “दोन श्वास. तू घाई केलीस.”

“काका, दारावर काय लिहिलंय ते बघितलंत ना?”

“बघितलं.”

“मग सांगा सगळ्यांना. तुम्ही वाक्य दिलं होतंत. दोनदा.”

“कोण म्हणतं?”

“मी ऐकलं.”

“मग तुझ्यापाशी ठेव. असलं वाक्य माझ्या तोंडून गेलं हे मला कोणाला कळू द्यायचं नाही. दोन श्वास लक्षात ठेव.” आणि गेले.

मला संताप आला, अजूनही येतो. तो माणूस माझी नोकरी सांभाळत होता की आपली पत, हे मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही, आणि विचारलं असतं तर त्यांनी माझ्या प्रश्नातलं एखादं विशेषण गाळलं असतं. आई चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती. तिने विचारलं, “तुझ्या तोंडाक काय झाला होता गो?”

“घशाला कोरड पडली.”

“कोरड पडली तर पाणी पियाचा. दुसऱ्याचा दार काळा करूचा नाय.”

पुढे सहा महिने काका माझ्याशी बोलले नाहीत. लोकांना वाटलं, मी सभागृहात गप्प बसले त्याचा राग असेल. तो नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जे केलं त्याचा होता.

सोमवारी पहाटे नळ आला. आधी पाणी भरलं, कारण ते कोणासाठी थांबत नाही. मग चिटणिसांच्या खोलीवर गेले. ते दाढी करत होते. मी सांगितलं, वाक्य काकांनी दिलं होतं, दोनदा, मी म्हटलं नाही.

“मग कुलूप कोणी सांगितलं?”

“कोणी नाही. तुमच्या भांडणात रोज ऐकत होते.”

“का नाही म्हटलंस पण?”

“समोर दोघे बसले होते. माझी नोकरी सरकारी आहे.”

ते वस्तरा हातात धरून बघत राहिले. “काकांची कीव आली म्हणून सांगतेस.”

“मला त्यांची कीव कधीच येत नाही.”

“हे सगळ्यांसमोर सांगशील?”

“सांगते. पण आत्ता. नऊला निघायचंय मला.”

मी गॅलरीत आले. ती वेळ अशी की कोणी तोंड धूत होतं, कोणी कपडे वाळत घालत होतं, रातपाळीची माणसं जिना चढत होती. मी कठड्याला धरून, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की काल काकांनी वाक्य दिलं होतं आणि भिऊन मी ते गिळलं. दोन मजले थांबले. खालून कोणीतरी म्हणालं, “सरकारी बाई.” वर्षभर तेच नाव चिकटलं होतं, त्याचं मला काही विशेष वाटलं नाही. वहिनी म्हणाल्या, “अगो, मग काल बोलली असतीस तर.”

काका टोकाच्या खोलीबाहेर मशेरी लावत उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. चूळ भरली, माझ्याकडे बघून मान हलवली, जशी ते एखाद्या वाईट अंकानंतर हलवत, आणि आत जाऊन दार लावून घेतलं. दार लागल्यावर खडूची अक्षरं सगळ्यांच्या समोर आली.

मी घरातून बादली आणि फडकं आणलं. पुसायला लागले तेव्हा मागे चिटणीस येऊन उभे राहिले, अर्ध्या गालाला साबण तसाच, बगलेत नाटकाची वही. “उघडतील का?” त्यांनी हळू विचारलं.

“आज नाही उघडायचे. उंबऱ्यावर ठेवा.”

त्यांनी ठेवली. ओल्या फडक्याने खडू आधी दिसेनासा होतो आणि वाळला की परत उमटतो, म्हणून मी थांबले, वाळू दिलं आणि पुन्हा पुसलं. मग हात धुतले, डबा घेतला आणि कामावर गेले.